मी दाबलं होतं!

हीरो खड्ड्यात पडतो, आपण ओरडतो, 'अरे, मी दाबलं होतं!' आणि आजूबाजूचे फिदीफिदी हसतात. पण दर वेळी चूक आपल्या अंगठ्याचीच असते का? बटण आणि हीरो यांच्या मधोमध बसून पोट भरणाऱ्या एका गेम प्रोग्रॅमरची ही कबुली...

हे वाक्य तुम्ही आयुष्यात एकदा तरी म्हटलंच असेल. मे महिन्याची सुट्टी, मामाचं घर, टीव्हीला जोडलेला तो व्हिडिओ गेम आणि फुंकर मारून मारून आत घातलेली पिवळी कॅसेट. मारिओ खड्ड्यात पडला की रिमोट खेचून घ्यायला मामेभाऊ टपलेलाच असायचा. "दाबलं होतं रे मी! खरंच दाबलं होतं!" आपण कळवळून सांगायचो. "हो, हो, दे आता इकडे." बस्स. खटला तिथल्या तिथे निकाली.

गंमत म्हणजे पुढे मी त्याच खटल्याचा धंदा केला. पुण्यात एका छोट्याशा स्टुडिओत मी गेमप्ले प्रोग्रॅमर आहे. स्थळं बघायच्या काळात याची फार पंचाईत व्हायची. "मुलगा काय करतो?" "गेम..." "खेळतो?" "नाही हो, बनवतो." पुढचा चहा शांततेत व्हायचा. नेमकं काय बनवतो हे सांगायला गेलं तर आणखी अवघड. कारण मी ना चित्रं काढतो, ना गोष्ट लिहितो. तुमचा अंगठा बटणावर टेकल्यापासून हीरोचा पाय जमिनीवरून सुटेपर्यंत जे काही घडतं, तेवढंच माझं काम. सेकंदाचा एक बारीकसा तुकडा. पण त्या तुकड्यात मी एक लोच्या केला, आणि त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजली. ती गोष्ट सांगतोच. त्याआधी थोडे फंडे क्लिअर करून घेऊ.

एका बटणाचे चार अवतार

आपल्याला वाटतं, बटण म्हणजे सोपा मामला. दाबलं किंवा नाही दाबलं. कॉम्प्युटरला विचाराल तर तो म्हणेल, "साहेब, कोणतं दाबलं म्हणताय?"

माझी आई पेटी वाजवते, म्हणून पेटीचंच उदाहरण देतो. पट्टीवर बोट नाही, तेव्हा सूर नाही. बोट खाली गेलं त्या क्षणी सूर सुरू झाला. बोट धरून ठेवलं तोवर सूर चालू राहिला. बोट उचललं त्या क्षणी सूर थांबला. एका पट्टीच्या अशा चार अवस्था झाल्या: मोकळी, आत्ताच दाबलेली, धरून ठेवलेली आणि आत्ताच सोडलेली. गेममधल्या बटणाचंही डिट्टो हेच. बंदुकीची एक गोळी 'आत्ताच दाबलं'वर सुटते. मशिनगन 'धरून ठेवलंय'वर चालते. धनुष्याचा बाण 'आत्ताच सोडलं'वर जातो. बटण तेच, प्रश्न वेगळा!

आता हे कॉम्प्युटरला कळतं कसं? गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. सेकंदाला ६०, म्हणजे एक चित्र सुमारे १६.६७ मिलिसेकंदांचं. दर चित्राला, म्हणजे फ्रेमला, प्रोग्रॅम बटणाकडे एकदा बघतो आणि मागच्या फ्रेमला काय दिसलं होतं त्याच्याशी ताडून बघतो. मघाशी मोकळं होतं, आता दाबलेलं आहे? म्हणजे 'आत्ताच दाबलं'. मघाशीही दाबलेलं आणि आताही? म्हणजे 'धरलंय'. संपलं. लहानपणीच्या त्या मशीनचा मूळ बाप म्हणजे निन्टेन्डोचा फॅमिकॉम. तोही हेच करायचा. कंट्रोलरवरची आठ बटणं एकापाठोपाठ एक वाचायची आणि त्यांचे आठ शून्य-एक मांडून ठेवायचे.

१९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आजही हातात घेतला तर गोड वाटतो, त्यामागे हेच आहे. बटण टिचकीसारखं दाबा, मारिओ छोटी उडी मारतो. धरून ठेवा, उंच जातो. म्हणजे उडी सुरू होते 'आत्ताच दाबलं'वर, पण किती उंच जायचं ते ठरतं 'धरलंय'वर. आपला अंगठा जणू मारिओला वर उचलून धरतो. हे कुणी शिकवत नाही, दोन मिनिटांत बोटांना आपोआप कळतं.

स्वारगेटला येता का?

बटण समजलं म्हणून काम संपत नाही. पुढचा सवाल असतो: हीरो सध्या कुठल्या अवस्थेत आहे?

पुण्यात रिक्षाला हात केलाय कधी? हात तोच, "स्वारगेट?" हा प्रश्नही तोच. पण रिक्षा रिकामी असेल तर एक उत्तर, आत पॅसेंजर असेल तर दुसरं, गॅस भरायला निघाली असेल तर तिसरं आणि दुपारची झोप चालू असेल तर उत्तरच नाही! गेमच्या हीरोचंही तसंच असतं. उडीचं बटण जमिनीवर दाबलं तर उडी. हवेत दाबलं तर दुसरी उडी किंवा काहीच नाही. शिडीवर असताना दाबलं तर हात सोडून द्यायचा. कुणाशी बोलत असेल तर पुढचा संवाद.

नवशिका प्रोग्रॅमर हे सगळं 'जर-तर'ने लिहायला जातो. हवेत आहे का? वाकलाय का? मार खाल्लाय का? शिडीवर आहे का? पाण्यात आहे का? पाच हो-नाही प्रश्नांचे मिळून ३२ प्रकार होतात, आणि त्यातले निम्मेअधिक अशक्य असतात. शिडीवर वाकून पोहणारा हीरो कुणाला हवाय? म्हणून मग 'स्टेट मशीन' वापरतात. नाव भारी, पण कल्पना साधी: हीरो एका वेळी एकाच अवस्थेत असेल, आणि कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येईल याचे रस्ते आधीच ठरलेले असतील. रॉबर्ट निस्ट्रम यांच्या 'गेम प्रोग्रॅमिंग पॅटर्न्स' या २०१४च्या पुस्तकात हा फंडा एका उड्या मारणाऱ्या नायिकेला घेऊन मस्त समजावलाय. आमच्या धंद्यातले बरेच जण तिच्याच पायावर पाय ठेवून शिकलेत.

मीही शिकलो होतो. स्टेट मशीन चकाचक होतं. बटणाचे चार अवतार तोंडपाठ. तरीही माती खाल्ली.

एका संध्याकाळचा बदल

आमची गेम घाटातली. डोंगरकड्यांवरून पळायचं, दऱ्या ओलांडायच्या, हवेत असताना आणखी एक उडी घेता यायची. मार्चमधल्या एका संध्याकाळी मला दिसलं की हीरोची उडी जराशी थरथरते. आम्ही गेम बनवतो त्या युनिटी इंजिनात दोन घड्याळं असतात. एक चित्रांचं, स्क्रीन जितकी पळेल तितकं पळणारं. दुसरं फिजिक्सचं, म्हणजे पडणं, आपटणं, घसरणं यांचं. ते मुद्दाम ठरावीक वेगाने चालतं, मुळात सेकंदाला ५० वेळा. मी उडीचा अख्खा कोड पहिल्या घड्याळातून उचलला आणि दुसऱ्यात नेऊन टाकला. थरथर गेली. मी खूश. 'उडी आता लोण्यासारखी' असा मेसेज ग्रुपवर टाकून घरी गेलो.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या टेस्टरने तक्रार टाकली. "कधीकधी उडी लागत नाही." मी ऑफिसच्या फोनवर खेळून बघितलं. लागत होती की! एखादी चुकली, पण ती माझ्याकडूनच चुकली असणार. मी शेरा मारला, 'होत नाही', आणि तक्रार बंद केली. तिने पुन्हा टाकली, सोबत आणखी एक: "माझ्या जुन्या फोनवर एकदा दाबलं की दोनदा उडतो." एकाच बटणाच्या दोन उलट्या तक्रारी! एकीकडे उडत नाही, दुसरीकडे दोनदा उडतो. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो, "अगं, फोन हँग होतोय तुझा. आणि टायमिंगही थोडं सुधार ना." सगळे हसले. ती नाही हसली.

एप्रिलमध्ये तीच गेम मी आईला पाठवली. आई साताऱ्याला असते, शाळेतून रिटायर झालेली. दिवाळीत मी तिला झकास नवा फोन घेऊन दिला होता, १२० हर्ट्झ स्क्रीनवाला. पोराने बनवलेली गेम म्हणून ती रोज दुपारी चष्मा लावून बसायची. फोनवर मी विचारायचो, "कुठपर्यंत पोचलीस?" "दुसऱ्या दरीतच पडते रे." "जरा आधी दाबत जा." "दाबते रे, पण..." मग ती विषय बदलायची.

मे महिन्यात शनिवार-रविवार जोडून घरी गेलो. कोपऱ्यात पेटी कापडात गुंडाळून ठेवलेली. त्यांच्या भजनी मंडळाची आषाढीची तयारी मेमध्येच सुरू होते, तेव्हा पेटी कायम उघडी असते. मी विचारलं तर म्हणाली, "यंदा पेटी दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून सांगितलंय मी मंडळात."

"का गं?"

"बोटं ऐकत नाहीत आता. सकाळी आखडलेली असतातच. पण तुझ्या त्या गेममध्ये तर नीट कळलं. मला वाटतं मी दाबलंय, आणि दाबलेलंच नसतं. भजनात असं झालं तर सगळ्यांचा सूर जायचा."

मला काय बोलावं सुचेना.

वीस वेळा दाब

"खेळून दाखव," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी बसलो. पहिल्यांदाच स्क्रीन सोडून तिच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा बटणावर बरोब्बर टेकला. स्क्रीनवरचं बटण गडदही झालं, म्हणजे फोनला स्पर्श कळला होता. हीरो मात्र ढिम्म. सरळ चालत दरीत गेला.

"आई, एकाच जागी उभी राहा आणि वीस वेळा दाब. घाई करू नकोस." तिने दाबलं. मी मोजलं. वीसपैकी आठ उड्या.

मग फोन मी घेतला. वीसपैकी नऊ!

माझी बोटं चौतीस वर्षांची, तिची एकसष्ट. स्कोअर जवळजवळ सारखाच. आता टायमिंगचा दोष कुणाच्या माथी मारणार, बॉस?

लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांत सगळं लख्ख दिसलं, आणि दिसल्यावर कानशिलं तापली.

वॉचमन आणि सेक्रेटरी

तुमच्या सोसायटीत गेटवर वॉचमन असतो. तो सतत बघत असतो. सेक्रेटरी काका मात्र ठरलेल्या वेळीच खाली येतात. शहाणी पद्धत अशी: पाहुणा आला की वॉचमनने वहीत नोंद करायची, काका आले की त्यांनी वही वाचायची, काम करायचं आणि नोंदीवर काट मारायची.

मी काय केलं होतं? वही काढून टाकली होती. काका जेव्हा येतील तेव्हाच गेटवर बघायचं, पाहुणा दिसला तर दिसला. पण 'आत्ताच दाबलं' हा पाहुणा फक्त एका फ्रेमपुरता गेटवर उभा असतो. पुढच्या फ्रेमला तो 'धरलंय' होतो. बाकी तुम्हीच हिशोब करा:

सेकंदाला ६० फ्रेम्स आणि काकांच्या फेऱ्या ५०. म्हणजे १० फ्रेम्सच्या वाट्याला काका येतच नाहीत. दर सहा दाबण्यांतलं एक गायब. हा आमचा ऑफिसचा फोन.

सेकंदाला १२० फ्रेम्स, फेऱ्या त्याच ५०. तब्बल ७० फ्रेम्स कोरड्या. निम्म्याहून जास्त दाबणी हवेत विरली. हा आईचा फोन. वीसपैकी सरासरी आठ-नऊच उड्या लागणार होत्या, बोटं कुणाचीही असोत. 'स्क्रीन पळेल तितकी गेम पळू दे' अशी सेटिंग मीच मोठ्या हौसेने केली होती, म्हणजे फोन जितका महाग तितकी उडी वाईट!

आणि सेकंदाला ३० फ्रेम्स, फेऱ्या ५०? इथे फ्रेम्स कमी आणि फेऱ्या जास्त. २० फ्रेम्समध्ये काका दोन-दोनदा येतात आणि त्याच पाहुण्याला दोनदा भेटतात. एक दाबणं, दोन उड्या. हा आमच्या टेस्टरचा जुना फोन. तिच्या दोन्ही उलट्या तक्रारी खऱ्या होत्या, आणि दोन्हींचा बाप एकच होता. मी!

दोष इंजिनाचाही नव्हता. 'आत्ताच दाबलं का' हे चित्रांच्या घड्याळातच विचारा, कारण दर फ्रेमला ते पुसलं जातं, असं युनिटीच्या माहितीपुस्तकात चक्क लिहिलंय. वाचतो कोण?

यातला सगळ्यात वाईट आकडा कुठला, सांगू? तो १२०चा नाही, ६०चा. निम्म्या उड्या चुकल्या तर कोणीही म्हणेल की गेम बिघडलीय. पण सहातली एक चुकली तर माणूस स्वतःलाच दोष देतो. आपलंच टायमिंग, आपलीच बोटं, आपलंच वय.

त्या रात्री साताऱ्याच्या घरात, डास मारत, मी वही परत आणली. पहिल्या घड्याळात ऐकायचं आणि नोंद करायची, दुसऱ्या घड्याळात वाचायचं आणि काट मारायची. मोजून काही ओळी. सकाळी चहाच्या आधी आईला फोन दिला. "वीस वेळा दाब."

वीसपैकी वीस.

ती फोनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "म्हणजे मी दाबत होते?"

"तू दाबत होतीस, आई. मी ऐकत नव्हतो."

थोडी माया हवीच

वही आली की आणखी एक मस्त सोय होते. नोंद किती वेळ जपून ठेवायची ते आपण ठरवू शकतो. समजा, हीरो हवेतून खाली येतोय आणि जमिनीला पाय लागण्याच्या दोन-तीन फ्रेम्स आधीच तुम्ही उडी दाबलीत. कडक गेम म्हणेल, 'हवेत होतास, नामंजूर.' मायाळू गेम ते दाबणं वहीत ठेवते आणि पाय टेकताच उडी देते. याला म्हणतात 'इनपुट बफर'.

याचाच जुळा भाऊ म्हणजे 'कोयोटी टाइम'. रोड रनरच्या मागे धावणारा तो बिचारा कोयोटी आठवतो? चक जोन्सची ही जोडी १९४९पासून पडद्यावर पळतेय. कड्याच्या पुढे गेला तरी तो क्षणभर हवेतच उभा असतो, खाली बघितल्यावर मगच पडतो. गेममध्येही कडा संपल्यानंतर एक बारीक क्षण उडी मंजूर करतात. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या 'सेलेस्ट' या २०१८च्या गेममध्ये हा क्षण ०.१ सेकंदाचा आहे, म्हणजे ६० फ्रेम्सच्या हिशोबात सहा फ्रेम्स. त्यांनी आपल्या हीरॉइनचा कोड लोकांसाठी खुला केला, म्हणून हे आपल्याला कळतं. एकट्या तिच्या हालचालींचा कोड पाच हजारांहून जास्त ओळींचा, आणि तिच्या अवस्था वीसपेक्षा जास्त. सेलेस्ट जाम अवघड गेम म्हणून प्रसिद्ध आहे, शेकडो वेळा मरता. पण मेल्यावर 'मी दाबलं होतं' असं वाटत नाही. गेम अवघड असली तरी कानाने तिखट आहे.

फायटिंग गेम्समध्येही हीच माया असते. १९८७च्या 'स्ट्रीट फायटर'पासून चालत आलेला तो प्रसिद्ध आगीचा गोळा आठवा: खाली, तिरकं, पुढे आणि पंच. एवढं सगळं एका फ्रेममध्ये कुणाच्या बापाला जमणार? गेम मागचे काही क्षण लक्षात ठेवते आणि म्हणते, 'असू दे, समजलं मला काय म्हणायचंय ते.'

आमच्या गेममध्ये आम्ही दोन्हीकडे ०.१ सेकंद ठेवला. चाचणीला आलेल्या पोरांपैकी कुणालाही कळलं नाही. "उडी आता भारी वाटतेय," एवढंच म्हणाले.

मावशीचा फोन आणि आखडलेला अंगठा

आईने माझे आणखी दोन डोळे उघडले. एकदा ती पळण्याचं बटण धरून कड्यावर चालली होती, तेवढ्यात मावशीचा फोन. अर्धा तास गप्पा झाल्या. परत गेममध्ये आली, तर हीरो आपला आपणच पळतोय! सरळ दरीत. झालं असं, की फोन आल्यावर बोट उचललं गेलं, पण 'सोडलं' हा निरोप आमच्या गेमपर्यंत आलाच नाही. अशा वेळी सिस्टीम 'स्पर्श संपला' म्हणत नाही, 'स्पर्श रद्द झाला' म्हणते. आम्ही फक्त पहिलं ऐकत होतो. आता गेम बाजूला गेली की सगळी बटणं मोकळी आहेत असं धरतो.

दुसरी गोष्ट नाजूक. उड्या लागायला लागल्या, तरी तिसऱ्या दरीशी ती फोन मांडीवर ठेवून द्यायची. तिथे चढणीवर पळण्याचं बटण चाळीसेक सेकंद धरून ठेवावं लागतं. सकाळी तिचा अंगठा आखडलेला असतो, हे काही माझ्या कोडने केलेलं नाही, ते खरंच आहे. ती तक्रार करत नव्हती, नुसती थांबत होती.

उपाय किरकोळ होता. 'धरलंय का?' हे विचारायच्या ऐवजी 'आत्ताच दाबलं का?' विचारायचं. एकदा दाबलं की पळणं सुरू, पुन्हा दाबलं की बंद. ट्यूबलाइटच्या बटणासारखं. सेटिंगमध्ये एक छोटासा पर्याय. ऑफिसात डिझायनर म्हणाला, "चॅलेंज कमी होईल." मी म्हटलं, "आपलं चॅलेंज दरी आहे, अंगठा नाही."

मोठ्या कंपन्यांना हे कळून चुकलंय. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये खास 'एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर' काढला. त्यावर दोन मोठाली बटणं असतात, आणि पायाने, कोपराने, जमेल तसं चालवायला बाहेरचे स्विच जोडता येतात. २०२०च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये असे साठाहून जास्त पर्याय दिले होते, बटण धरावं की नुसतं टिचकावं हेही त्यात आलं. सेलेस्टमध्येही गेमचा वेग कमी करायची सोय आहे. त्यामुळे कुणाची मजा कमी झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

माफीनामा

सोमवारी ऑफिसला गेलो आणि टेस्टरच्या बंद केलेल्या तक्रारी एकेक करून उघडल्या. खाली लिहिलं, 'बरोबर होतं. चूक माझी.' पण ज्या मीटिंगमध्ये सगळे हसले होते, तिथेच ते बोलणंही गरजेचं होतं. बोललो. ती म्हणाली, "ठीक आहे रे. पण आता 'होत नाही' लिहिण्याआधी माझ्या टेबलाशी येऊन बघत जा." तेव्हापासून आमच्याकडे नियमच झालाय. तक्रार बंद करायची तर तक्रार करणाऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्याच फोनवर, त्याच्या बोटाकडे बघून.

आषाढीला साताऱ्याला गेलो होतो. पेटी आईकडेच होती. द्रुत लयीत बोटं थोडी मागे पडत होती, पण सूर एकही चुकला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर ती गेम घेऊन बसली. तिसरी दरी, मोठी उडी... हीरो धाडकन खाली! माझ्या छातीत धस्स झालं. लॅपटॉप कुठे ठेवलाय ते आठवायला लागलो.

चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "घाबरू नकोस. या वेळी खरंच दाबलं नव्हतं मी. डुलकी लागली होती."

चौकट: गेम बनवताय? हे फंडे खिशात ठेवा

• 'दाबलं का?' असं मोघम विचारू नका. आत्ताच दाबलं, धरलंय की सोडलं, ते आधी ठरवा.

• ऐकायचं दर फ्रेमला, वापरायचं फिजिक्सच्या वेळी. मध्ये वही हवीच, आणि वापरलेल्या नोंदीवर काट हवीच.

• ३०, ६० आणि १२० फ्रेम्सवर वीस-वीस वेळा दाबून मोजा. तीन आकडे सारखे नाहीत? मग लोच्या आहे.

• फोन आला, स्क्रीन बंद झाली, खिडकी बदलली, तर सगळी बटणं मोकळी करा.

• धरून ठेवायच्या प्रत्येक बटणाला टिचकीचा पर्याय द्या.

• आणि कुणी 'मी दाबलं होतं' म्हणालं, तर आधी खरं माना. मग तपासा.